मुद्दाम पिन अडकवायची कशी? लेथवर लॉक ग्रूव्ह, जोडरेघ आणि उलटी रेकॉर्ड

एखादा माणूस तेच तेच बोलायला लागला की आपण म्हणतो, याची पिन अडकलीये. पण ही पिन मुद्दाम अडकवणारे लोक जगात आहेत आणि त्यासाठी ते रात्र रात्र जागतात. मी पण त्यातलाच. तर ज्यांच्याकडे छोटा रेकॉर्ड कटिंग लेथ (कोऱ्या तबकडीवर आवाजाची रेघ कापायचं यंत्र) आहे, साधी रेकॉर्ड बऱ्यापैकी कापता येते आणि आता जरा वेडेपणा करून बघायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. साधी रेकॉर्डच अजून खरखरत असेल तर आधी ती नीट करा, मग इकडे या.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. लेथमध्ये दोन हालचाली असतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. गाण्यामुळे कटिंगची सुई थरथरते, ती एक. आणि लीडस्क्रू म्हणजे लांब आट्यांचा दांडा आख्खं हेड, म्हणजे सुई धरणारा भाग, हळूहळू बाहेरून आत सरकवतो, ती दुसरी, तिच्यामुळे स्पायरल तयार होतं. बहुतेक लोक सगळा जीव पहिलीत घालतात, आवाज सुधारायला ईक्यू काय, लिमिटर काय. पण खाली सांगितलेल्या करामती बघा, लीडस्क्रू थांबवला की लॉक ग्रूव्ह (स्वतःलाच येऊन मिळणारी बंद रेघ), दुप्पट पळवला की जोडरेघ (एकाच बाजूला दोन स्पायरल), उलटा फिरवला की आतून बाहेर वाजणारी रेकॉर्ड.

आधी स्पीड तपासा, अंदाजपंचे चालणार नाही. नेटवरून स्ट्रोबची चकती (स्पीड बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली हिच्या रेघा स्थिर दिसतात) छापून घेताना बघा की ती ५० हर्ट्झची आहे, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची. अमेरिकेतली ६० हर्ट्झची २१६ रेघांची असते आणि ती आपल्या लाईटवर स्थिर दिसली तर समजा प्लॅटर (तबकडी जिच्यावर ठेवतो ती फिरती थाळी) २८ च्या आसपास रखडतोय. आणि चांगल्या एलईडी बल्बखाली रेघा दिसणारच नाहीत कारण तो लुकलुकतच नाही, स्विचबोर्डवरचा जुना लाल निऑनचा दिवा असेल तर अंधार करून चकती त्याच्यासमोर धरा, मस्त दिसतं. तबकडी म्हणून पीईटीजी या प्लास्टिकची शीट आणि हिऱ्याची सुई वापरा. लॅकरच्या तबकड्या आवाजाला सुंदर, पण त्या मऊ असतात, प्रेसिंगचा साचा बनवण्यासाठीच्या असतात, वारंवार वाजवल्या की झिजतात आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा लॅकर बनवणारा कारखाना जळाल्यापासून तर शिकाऊ माणसानं प्रयोगासाठी लॅकर वाया घालवणं म्हणजे पापच.

आता लॉक ग्रूव्ह. प्रत्येक एलपीच्या शेवटी सुई जिथे गोल गोल फिरत राहते ती बंद रेघ म्हणजे लॉक ग्रूव्हच, फक्त तिच्यात सहसा आवाज नसतो. फ्रेंच संगीतकार पिएर शेफरनं १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत टेप हाताशी नसताना अशाच बंद रेघांमध्ये आवाज अडकवून संगीत रचलं. पुढे डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्यांनी ते डीजेच्या कामाला लावलं, जेफ मिल्सची १९९४ ची ‘सायकल ३०’ घ्या, तिच्यात लॉक ग्रूव्हचे लूप (परत परत वाजणारे तुकडे) आहेत आणि कटिंग रॉन मर्फीनं केलेलं. आणि १९९८ मध्ये आरआरआर रेकॉर्ड्स या अमेरिकन कंपनीनं तर एका एलपीवर ५०० लॉक ग्रूव्ह बसवले. हिशोब करा, एका बाजूला २५०, जागा मिळते साधारण ८५ मिमी, म्हणजे एका रेघेला मिमीचा तिसरा हिस्सा. तुम्ही सुरुवातीला निदान १ मिमी अंतर ठेवा, हाव नको.

गणित असं. ३३⅓ वर एक फेरा १.८ सेकंदाचा. ४८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४८,००० सँपल (आवाजाची मापं) असलेल्या फाइलमध्ये बरोबर ८६,४०० सँपल, ४४.१ मध्ये ७९,३८०. ४५ वर फेरा १.३३३ सेकंदाचा, सँपल ६४,००० किंवा ५८,८००. लूप एवढाच कापायचा, एक सँपल इकडे नाही की तिकडे नाही. त्यात ४ बीट बसवले तर टेम्पो मिनिटाला १३३.३३ बीट येतो, ३ बसवले तर १००. आपला केरवा, ८ मात्रांचं एक आवर्तन १.८ सेकंदात म्हणजे मिनिटाला २६६ च्या वर मात्रा जातात, ढोलकीवर हे चढ्या लयीत झकास वाजतं, मी करून बघितलंय. तीनतालाच्या नादी लागू नका, १६ मात्रा एका फेऱ्यात कोंबल्या तर तबला राहत नाही, शिवणयंत्र होतं.

सूर धरायचा असेल तर अजून एक मेख आहे. फेऱ्याच्या शेवटी लाट जिथे संपते तिथूनच ती परत सुरू झाली पाहिजे, म्हणजे १.८ सेकंदात पूर्ण लाटा बसल्या पाहिजेत. काळी एकचा सा साधारण १३८.६ हर्ट्झ, त्याच्या १.८ सेकंदात २४९ आणि जवळपास अर्धी लाट होते, त्या अर्धीमुळे दर फेऱ्याला टक् वाजणार. मग सा किंचित वर नेऊन १३८.८९ करायचा, २५० लाटा पूर्ण, टक् गायब. एवढा फरक कानाला कळत नाही. तानपुरा मात्र बसत नाही, चार तारा सावकाश छेडायलाच त्याहून जास्त वेळ जातो.

प्रत्यक्ष कापताना लूप कॉम्प्युटरवर सतत वाजता ठेवा, लीडस्क्रू पूर्ण सोडवा (नुसती मोटर बंद करून भागत नाही, जुन्या लेथवर तो गुपचूप सरकतो), लेव्हल नेहमीपेक्षा थोडी कमी करा आणि हेड खाली सोडा. कुठल्या क्षणी सोडताय याला काही महत्त्व नाही. लूप नेमका एका फेऱ्याएवढा असला की जिथून सुरुवात कराल तिथे तो आपोआप जुळतो, नवीन लोक पहिल्या बीटवर हेड टाकायला दहा दहा तबकड्या घालवतात, काही गरज नाही. फेरा पूर्ण झाला की अजून थोडं, साधारण ३० अंश पुढे जाऊ द्या आणि मग उचला. कारण हेड टेकताना रेघ आधी उथळ असते आणि हळूहळू खोल होते, तो उथळ भाग या जास्तीच्या तुकड्यानं झाकला जातो. आधीच उचललंत तर मध्ये कोरी जागा राहते आणि वाजवताना सुई तिथून घसरून जाते. आणि दुसरा आख्खा फेरा अजिबात कापू नका, आधीच्याच रेघेवर परत सुई घासली जाते आणि फसफस वाढते.

आता जोडरेघ, माझा लाडका प्रकार. एकाच बाजूला दोन स्पायरल एकमेकांत गुंतलेले, सुई कुठे पडेल त्यावर कुठलं गाणं लागेल ते ठरतं. १९७३ मध्ये माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीनं अशी ‘तीन बाजूंची’ रेकॉर्ड काढली होती, ऐकणाऱ्यांना कळेना की मागच्या वेळी ऐकलेलं गेलं कुठे. अमेरिकन रॉकवाल्या जॅक व्हाइटच्या २०१४ च्या ‘लाझारेटो’ अल्ट्रा एलपीवर एका गाण्याची सुरुवात अशीच दोन प्रकारे आहे, एक अकूस्टिक आणि एक इलेक्ट्रिक.

एरवी इंचाला २०० रेघा घेत असाल तर इथे १०० घ्या. म्हणजे दोन रेघांत ०.२५४ मिमी अंतर आणि दुसरं स्पायरल त्याच्या बरोब्बर मधून, ०.१२७ वर जाणार. वेळ निम्मा होतो, एलपीच्या एका बाजूचे २० मिनिटं धरले तर प्रत्येक गाण्याला १० मिळतात. व्हेरिएबल पिच (आवाजाप्रमाणे रेघांतलं अंतर आपोआप बदलणारी सोय) असेल तर बंद करा, दोन्ही स्पायरल सारख्याच चालीनं गेले पाहिजेत नाहीतर मध्येच कुठेतरी एकमेकांना कापतील.

तबकडीच्या कडेला मार्करनं दोन खुणा करा, समोरासमोर. हेड सुरुवातीच्या जागी आणून डायल गेज (बारीक सरकणं मोजायचं घड्याळासारखं माप) शून्यावर लावा, वर्कशॉपमधला साधा ०.०१ मिमीचा चालतो. पहिली खूण सुईखालून गेली की हेड खाली आणि लीडस्क्रू चालू, एकाच वेळी. पहिलं गाणं संपलं की हेड उचला, परत शून्यावर आणा आणि आता दुसऱ्या खुणेवर तेच करा. अर्ध्या फेऱ्याचा फरक पडला की स्पायरल आपोआप मधोमध जातं. हात थोडा चुकला तरी घाबरू नका, ०.१ सेकंदाची चूक म्हणजे जेमतेम ०.०१४ मिमी, एवढी जागा सुटलेली असते. आवाज मोनो ठेवा आणि बास आवरता घ्या, कारण बासमुळे रेघ जास्त हलते आणि शेजारणीच्या घरात घुसते.

जिथे चूक महागात पडते ती जागा दुसरीच आहे. माझ्या पहिल्या सहा तबकड्या वाया गेल्या, दोन्ही गाणी सुरुवातीपासूनच एकमेकांवर चढलेली, आणि मी आठवडाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसलो. शेवटी कळलं की लीडस्क्रूच्या आट्यांत ढिलाई होती. हेड परत बाहेर नेऊन थेट शून्यावर थांबवलं की गेज शून्य दाखवतो, पण स्क्रू चालू झाल्यावर आधी ती ढिलाई भरून निघते आणि तेवढा वेळ हेड जागचं हलत नाही. उपाय सोपा आहे, शून्याच्या २ मिमी बाहेर जायचं आणि मग कापायच्या दिशेनंच स्क्रू फिरवत शून्यावर यायचं. दोन्ही वेळा असंच.

उलटी रेकॉर्ड, आतून बाहेर. हे नवीन काही नाही, पाथे या फ्रेंच कंपनीच्या जुन्या तबकड्या आतूनच सुरू व्हायच्या, रेडिओच्या १६ इंची तबकड्यांतही असायच्या. त्यामागे एक व्यवहारी कारण होतं, कापताना निघणारा धागा मध्याकडे ओढला जातो आणि हेड बाहेर सरकत असेल तर तो पायात येत नाही. पण मला आवडतं ते दुसरं कारण. ३३⅓ वर बाहेरच्या कडेला रेघ सुईखालून सेकंदाला ५०० मिमीनं पळते आणि आत लेबलाजवळ जेमतेम २१० नं, म्हणून आतल्या बाजूला तार आवाज चिरडतो. आता आपला ख्याल बघा, सुरुवात विलंबित, शांत, आणि शेवटी द्रुत, ताना, तबला जोरात. म्हणजे नेहमीच्या रेकॉर्डवर सगळ्यात अवघड भाग सगळ्यात वाईट जागी. उलटी कापली की तानांना ऐसपैस जागा मिळते. लीडस्क्रूची दिशा बदला, १२२ मिमी व्यासाच्या आसपास सुरू करा आणि शेवटी बाहेर एक कोरी लॉक ग्रूव्ह टाकायला विसरू नका, नाहीतर सुई कडेवरून खाली पडेल आणि महागाची कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) जाईल. ऑटोमॅटिक प्लेअरवर हे वाजवू नका, आर्म आत दिसला की गाणं संपलं असं समजून तो उचलून घेतो.

वेळ उरला तर तबकडीला मध्यापासून ८ मिमीवर दुसरं भोक पाडा (ड्रिल बिट धारदार हवं, पीईटीजी चिरतं). मध्यापासून १०० मिमीवरच्या रेघेत स्पीड दर फेऱ्याला ८ टक्के वर, ८ टक्के खाली, म्हणजे सूर अर्ध्या स्वराहून थोडा जास्त चढतो आणि उतरतो. लांब धरलेल्या सुरावर हे झोपाळ्यासारखं वाटतं, ठेक्यावर मात्र नुसता गोंधळ.

कापलेलं सगळं आधी साध्या गोल टोकाच्या सुईवर वाजवून बघा आणि यूएसबी मायक्रोस्कोपखाली जोड तपासा. लॉक ग्रूव्ह लावून चहा करायला जाऊ नका, सुई तासाला २००० वेळा त्याच रेघेतून जाते आणि दुसऱ्या खोलीतून आई ओरडते ते वेगळंच. आणि कोणाला रेकॉर्ड दिलीत तर कव्हरवर स्पीड आणि ‘आतून सुरू’ एवढं तरी लिहा, मी एकाला न लिहिता दिली होती, त्यानं बिघडलीये म्हणून परत आणून दिली.