विळीवर बसलेली बाई कशी काढावी

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. चेहरा आधी साधला की आपण तोच जपत बसतो आणि हात, पाट, भाजी नुसती सजावट होते. कॅलेंडरवरच्या कमरेवर घागर घेतलेल्या बायका आठवा. घागरीत पाणी आहे असं कधी वाटतं का?

मी सदाशिव पेठेतल्या घरी आत्याला काढते. आधी विचारते. ती म्हणते, "काढ, पण मला हलू नकोस म्हणू नकोस, कुकर लावायचाय." हलू दे. भाजी चिरताना तीच हालचाल परत परत येते, म्हणून एकाच कागदावर तीन-चार बैठका अर्धवट सुरू करायच्या आणि ती ज्या बैठकीत परत येईल तिथे पेन्सिल न्यायची.

पहिली रेघ वजनाची. विळीचा पाट कशाने दाबलाय ते बघा. आत्याचा उजवा पाय पाटावर असतो, गुडघा उभा, आणि जोर टाचेपेक्षा चवड्यावर. तिथून गुडघा, मांडी, मग मानेपर्यंतचा पाठीचा बाक. वांग्याला मनगट पुरतं. लाल भोपळा आला की दोन्ही कोपरं अंगापासून सुटतात, खांदे पुढे येतात. हा फरक चित्रात दिसलाच पाहिजे, कारण कष्ट तिथे आहेत, कपाळावरच्या घामात नाहीत. बोटांची नखं, साडीची नक्षी सगळ्यात शेवटी. नाही काढली तरी चालेल.

फ्रेंच चित्रकार मिले यांचं १८५४चं पाव भाजणाऱ्या बाईचं चित्र जरूर बघा. लांब दांड्याचं फावडं भट्टीत सारताना तिचं अख्खं अंग कामाला लागलंय.

वस्तू मनाने काढू नका. घरी विळी नसेल तर पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. स्वयंपाकघरातली जुनी अवजारं तिथे आहेत. पातं पाटातून कुठून निघतं, कुठे वळतं, खवणीचे दाते कसे आहेत, हे टिपून घ्या.

साधनं साधीच: २बी आणि ६बी पेन्सिल, जाडसर कागद.

चित्र झालं की पहिल्यांदा तिलाच दाखवा. परवा आत्या म्हणाली, "पाय एवढा लांब ठेवला तर विळी सरकेल गं." मी पाय पुसून पाटावर अलीकडे घेतला, तेव्हा पाठीचा बाकही बदलावा लागला.