नवा माणूस उपासनेला येण्याआधी: मंडळीने करावयाची तयारी

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवीन माणसाच्या स्वागताची तयारी आदल्या आठवड्यातच व्हावी लागते, आणि ती एकट्या पाळकांवर (धर्मगुरूंवर) सोपवण्यासारखी नसते. म्हणून प्रथम वडीलजनांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्यांनी, चार-पाच सभासद निवडावेत. बोलक्या माणसापेक्षा शांतपणे ऐकून घेणारा माणूस या कामाला अधिक उपयोगी पडतो. त्यांच्यात एक जण तरी वर्षभरातच मंडळीत आलेला असावा, कारण नवख्याला कुठे अडखळायला होते हे जुन्या सभासदांना आता आठवत नाही.

या सभासदांनी एकदा बाहेरून आत चालत यावे आणि कोणते दार उघडे असते, रविवारची शाळा कुठे भरते, स्वच्छतागृह कुठे आहे, चाकांची खुर्ची आत येऊ शकते का, हे पाहून घ्यावे. मागच्या रांगांतील कडेच्या जागा नियमित येणाऱ्यांनी मोकळ्या ठेवाव्यात. बसण्याची जागा ही किरकोळ बाब नाही. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाचे आसन आणि मळक्या वस्त्रांतल्या गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना याकोबाने बायबलच्या नव्या करारातील आपल्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात स्पष्ट शब्दांत दोष दिला आहे.

उपासनेचा क्रम छापलेला असावा, आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल त्या दिवशी त्यात कोणी सहभागी व्हावे व इतरांनी त्या वेळी काय करावे, हे पाळकांनी आधीच सौम्यपणे सांगावे. गीत सुरू होऊन दोन ओळी झाल्या तरी शेजारचा माणूस पाने उलटत असेल, तर आपले उघडे पुस्तक त्याच्यापुढे धरावे आणि त्याचे बंद पुस्तक आपण घ्यावे. माझ्या मते दारातल्या कोणत्याही शुभेच्छेपेक्षा हे स्वागत मोठे आहे. नवीन आलेल्यांना सर्वांसमोर उभे करून ओळख द्यायला लावण्याची पद्धत मात्र बंद करावी, कारण पुष्कळ माणसे तेवढ्या एका संकोचामुळे पुन्हा येत नाहीत.

सर्वांत जास्त तयारी लागते ती उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादवचनानंतरच्या दहा मिनिटांची. याच वेळी जुने सभासद आपापल्या ओळखीच्यांत रमतात आणि नवीन माणूस भिंतीवरची सूचना दुसऱ्यांदा वाचत उभा राहतो. त्या दहा मिनिटांत मंडळीच्या कामकाजाविषयी कोणी बोलू नये आणि प्रत्येकाने आधी एका अनोळखी माणसाकडे जावे, असे ठरवून घ्यावे. वर्षानुवर्षे एकाच छताखाली उपासना करूनही एकमेकांचे नाव ठाऊक नसलेले सभासद असतात, त्यांनाही हा नियम लागू असावा. पहिल्या भेटीत नोकरी, लग्न किंवा आधीची मंडळी का सोडली हे विचारू नये. नाव विचारावे, ते नीट ऐकावे आणि घरी गेल्यावर वहीत लिहून ठेवावे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 16 व्या अध्यायात प्रेषित पौलाने वीसहून अधिक माणसांना नावानिशी सलाम पाठवला आहे, आणि त्यांतील अनेकांविषयी त्याने एखादी आपुलकीची ओळही जोडली आहे.

पुढच्या आठवड्यासाठी प्रत्येक नवीन व्यक्तीमागे एक कुटुंब नेमावे. हाच पौल आधी शौल या नावाने येशूच्या शिष्यांचा छळ करीत असे; म्हणून तो स्वतः शिष्य झाल्यावरही यरुशलेमेतील शिष्य त्याला भीत होते, तेव्हा त्यांच्यातल्या एकट्या बर्णबाने त्याला जवळ घेऊन प्रेषितांकडे नेले. तसे या कुटुंबाने नवीन माणसाला आणखी दोन-तीन घरांशी जोडून द्यावे आणि त्याची इच्छा असेल तर घरगुती प्रार्थनासभेला सोबत न्यावे. फोन नंबर त्याच्या संमतीनेच घ्यावा आणि विचारल्याशिवाय तो कोणत्याही समूहात घालू नये. महिन्याअखेरीस निवडलेल्या सभासदांनी वही घेऊन एकत्र बसावे, ज्यांचे नाव एकदाच आले आहे आणि ज्यांनी नंबर दिला आहे त्यांची वाटणी करून घ्यावी, आणि न येण्याचे कारण न विचारता केवळ खुशाली विचारण्यासाठी त्यांना त्याच आठवड्यात फोन करावा.