गच्चीवर अँटेनाचा मास्ट लावताय? वळवाच्या आधी हे बघा

सिडकोत गच्चीवर माझा 20 फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब आहे, त्यावरून सांगतो. आधी विजेची लाइन कुठून जाते ते बघा, मास्ट उद्या आडवा झाला तरी तारेला शिवता कामा नये, तसं जमत नसेल तर जागाच बदला. गाय वायर, म्हणजे मास्टला ताणून धरणाऱ्या तारा, तीन, 120 अंशांवर, बुडापासून 12-14 फूट लांब अँकर करा, टर्नबकलने (तार ताणायच्या आट्यांच्या स्क्रूने) ताणा पण सतारीसारख्या नको. मी आधी नायलॉनची दोरी बांधली होती, उन्हाने अशी सडली की हातात भुगा यायचा.

अर्थिंगमध्ये कंजूषपणा नको. तांब्याची पट्टी मास्टपासून सरळ खाली जमिनीतल्या अर्थिंग रॉडपर्यंत, वळणं कमीत कमी, आणि तो रॉड घराच्या अर्थिंगला जोडायचाच, कारण वेगळा ठेवला तर वीज पडल्यावर दोन्हीतला व्होल्टेजचा फरक तुमच्या रेडिओतूनच वाट काढतो. कोॲक्स (अँटेनाची केबल) घरात शिरायच्या जागी अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) लावा, तरी मे महिन्यात गडगडायच्या आधीच केबल काढून ठेवा, अरेस्टरवर भरवसा ठेवून झोपू नका. गडगडाट सुरू झाला की मग हात लावायचा नाही.

आणि हो, संक्रांतीनंतर गाय वायरमधला मांजा सोडवा, हातमोजे घालून!