नव्या कणाला नाव कसे द्यावे

नवे मूलद्रव्य सापडले की शोधकर्ते नाव सुचवतात आणि रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना ते रीतसर मंजूर करते. अणूहून लहान कणांसाठी अशी मंजुरी देणारे मंडळ नाही. तरीही आज एखाद्या प्रयोगात नवा हॅड्रॉन, म्हणजे क्वार्क या मूलभूत कणांचा बनलेला कण, सापडला तर त्याचे नाव शोधकर्त्यांच्या हौसेवर फारसे अवलंबून नसते. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून चालणाऱ्या ‘पार्टिकल डेटा ग्रुप’ने 1986 साली नामकरणाची एक पद्धत घालून दिली आणि तीच थोड्याफार दुरुस्त्यांसह सर्वत्र पाळली जाते. जन्मनक्षत्राचा चरण कळला की राशीनावाचे आद्याक्षर ठरते, तसे कणाचे गुणधर्म मोजले की त्याचे अक्षर ठरते. आणि राशीनावावरून जाणकार नक्षत्र सांगतात, तसे या नावावरून कण कशाचा बनला आहे हे सांगता येते.

ही पद्धत हॅड्रॉनांपुरतीच आहे. मूलभूत कणांना नियम नाही. हिग्ज बोसॉन 2012 साली प्रत्यक्ष सापडला तेव्हा त्याचे नाव कित्येक वर्षे आधीपासून रुळलेले होते. नियम नसला की एका अक्षरावरूनही वाद होतो, याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. 1936 साली अँडरसन आणि नेडरमायर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांना वैश्विक किरणांत इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका कण आढळला. त्यांनी सुचवलेल्या ‘मेसोटॉन’ या नावात ज्येष्ठ शास्त्रज्ञ मिलिकन यांनी एक ‘र’ घालायला लावला आणि ‘मेसोट्रॉन’ झाले. 1939 साली होमी भाभांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांतले ‘ट्र’ मूळ शब्दांतच आहे, ग्रीक ‘मेसो’त मात्र ते नाही, म्हणून नाव ‘मेसॉन’ असावे. भाभांचा शब्द टिकला. ज्याच्यासाठी तो सुचवला तो कण मात्र आजच्या अर्थाने मेसॉन नव्हताच. त्याला आज आपण म्यूऑन म्हणतो.

हॅड्रॉनचे नाव ठरवताना प्रथम क्वार्क मोजावेत. क्वार्कांच्या सहा जाती आहेत: अप, डाउन, स्ट्रेंज, चार्म, बॉटम आणि टॉप. तीन असतील तर तो बॅरिऑन आणि एक क्वार्क व एक प्रतिक्वार्क (क्वार्काचा उलट प्रभाराचा जोडीदार) असेल तर मेसॉन. बॅरिऑनच्या बाबतीत पुढचा प्रश्न एकच: तिघांपैकी अप किंवा डाउन, म्हणजे हलके, किती? तिन्ही हलके असल्यास अक्षर एन किंवा डेल्टा, दोन असल्यास लॅम्डा किंवा सिग्मा, एकच असल्यास क्साय आणि एकही नसल्यास ओमेगा. पहिल्या दोन प्रकारांत दोन अक्षरांतून कोणते घ्यायचे हे आयसोस्पिनवरून, म्हणजे जवळपास तेवढ्याच वस्तुमानाची पण वेगळ्या प्रभाराची भावंडे किती आहेत यावरून ठरवतात. लॅम्डा एकटा असतो, सिग्मा तिघे असतात. उरलेले क्वार्क स्ट्रेंज असल्यास काहीच लिहीत नाहीत. चार्म किंवा बॉटम असल्यास त्यांचे सी किंवा बी हे अक्षर खाली उजवीकडे लिहितात, जितके क्वार्क तितक्या वेळा. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची जुनी नावे मात्र कोणी बदलली नाहीत, आणि ते योग्यच झाले.

एक कण घेऊन ही रीत पाहू. जुलै 2017 मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाने जाहीर केलेल्या कणात दोन चार्म आणि एक अप क्वार्क होता. हलका क्वार्क एकच, म्हणून अक्षर क्साय. उरलेले दोन्ही चार्म, म्हणून खाली दोन सी. चार्म आणि अप या दोघांचाही प्रभार प्रोटॉनच्या प्रभाराच्या दोन-तृतीयांश असल्याने तिघांची बेरीज दोन होते, म्हणून वर उजवीकडे दोन अधिक चिन्हे. नाव झाले क्साय-सी-सी-प्लस-प्लस. त्याचे वस्तुमान सुमारे 3621 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचे वस्तुमान या ऊर्जेच्या एककात मोजतात) आहे, पण ते नावात येत नाही, कारण वस्तुमान कंसात लिहिण्याची रीत मुख्यतः तीव्र बलाने, म्हणजे क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाने, तत्काळ फुटणाऱ्या कणांसाठी आहे. डेल्टा(1232) हे त्याचे ओळखीचे उदाहरण.

मेसॉनमधील दोन घटक वेगवेगळ्या जातींचे असतील तर जड घटकावरून अक्षर घ्यावे: स्ट्रेंजसाठी के, चार्मसाठी डी, बॉटमसाठी बी. दुसरा घटकही हलका नसेल तर त्याचे अक्षर खाली येते. टॉप क्वार्क इतका अल्पायुषी आहे की असा मेसॉन बनायला त्याला वेळच मिळत नाही.

खरी मेहनत लागते ती क्वार्क आणि त्याचाच प्रतिक्वार्क अशी जोडी असलेल्या मेसॉनांत. तेथे केवळ घटक कळून भागत नाही. स्पिन (कणाची अंगभूत फिरकी), पॅरिटी (आरशातील प्रतिमेत कणाचे चिन्ह धन राहते की ऋण होते) आणि प्रभार-संयुग्मन (कण व प्रतिकण यांची अदलाबदल केल्यास तेच चिन्ह) मोजल्याशिवाय अक्षर मिळत नाही. 2003 साली जपानमधील बेल प्रयोगाला सापडलेला एक्स(3872) म्हणूनच अनेक वर्षे एक्स राहिला. गुणधर्म निश्चित नसताना एक्स लिहावे, असा नियमच आहे. 2013 साली एलएचसीबीने त्याचे स्पिन एक आणि पॅरिटी धन असल्याचे निश्चित केल्यामुळे त्याला पुढे पद्धतीनुसार ‘काय’ हे ग्रीक अक्षर मिळाले आणि तो काय-सी-एक(3872) झाला. हे अक्षर मराठी कानाला प्रश्नासारखे ऐकू येते आणि ते या कणाला शोभतेही, कारण तो नेमका कसा बांधलेला आहे यावर अजून वाद चालू आहे.

या पद्धतीला सर्वांत प्रसिद्ध अपवाद 1974 सालचा आहे. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे टिंग यांच्या गटाने आणि स्टॅनफर्ड येथे रिक्टर यांच्या गटाने एकच कण स्वतंत्रपणे शोधला. टिंग यांनी त्याला ‘जे’ म्हटले. त्यांच्या आडनावाचे चिनी अक्षर या अक्षरासारखे दिसते. रिक्टर यांच्या गटाने ‘साय’ निवडले, आणि पुढे त्याच्या एका जड भावंडाच्या क्षयातून निघालेल्या चार कणांचे मार्ग शोधयंत्रात हुबेहूब साय या अक्षरासारखे उमटले. पद्धतीप्रमाणे साय पुरेसे आहे, परंतु दोन्ही गटांचा मान राखून आजही ‘जे/साय’ असेच लिहितात.

नाव देण्याची घाई करू नये, हे अमेरिकेतील फर्मीलॅब प्रयोगशाळेतील लेडरमन यांच्या गटाला अनुभवाने कळले. 1976 साली सुमारे 6 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ नोंदींच्या आलेखात दिसलेल्या उंचवट्याला त्यांनी ‘अप्सिलॉन’ म्हटले. अधिक नोंदी जमल्यावर तो उंचवटा नाहीसा झाला. पुढच्याच वर्षी साडेनऊ अब्जांजवळ खरा कण मिळाला आणि रिकामे झालेले नाव त्याला देण्यात आले.

चार किंवा पाच घटकांचे कण सापडू लागले तेव्हा जुनी अक्षरे अपुरी पडली. त्यांच्यासाठी एलएचसीबीने 2022 साली नवी रीत मांडली: चार घटकांसाठी टी, पाच घटकांसाठी पी. तिच्यानुसार पूर्वीचा पीसी(4312) हा कण असा लिहायचा: पी, खाली साय, वर एन, कंसात 4312 आणि शेवटी अधिक चिन्ह. खालचे साय सांगते की आत चार्म आणि प्रतिचार्म यांची जोडी आहे; वरचे एन सांगते की आयसोस्पिन प्रोटॉनसारखे आहे. हे उच्चारायला अवघड आहे, म्हणून बोलताना पुष्कळ जण अजून पीसीच म्हणतात. शोधनिबंधात मात्र नवे नाव लिहून पहिल्या उल्लेखाजवळ जुनेही द्यावे, म्हणजे आधीचे निबंध शोधणाऱ्याची अडचण होणार नाही.