सोसायटीत शेतकऱ्यांचा आठवडे बाजार कसा भरवायचा, आणि तिसऱ्या आठवड्यात बंद कसा पडू द्यायचा नाही

बुधवारी पाच वाजले की आमचा वॉचमन व्हिजिटर पार्किंगमधल्या गाड्या हलवायला लावतो, साडेपाचला पहिला पिकअप आत येतो आणि सहापर्यंत बी विंगच्या लिफ्टमध्ये मेथीचा वास सुटलेला असतो. सिंहगड रोडला वडगावच्या बाजूला आमची सोसायटी, १८० फ्लॅट, बाजार चालू होऊन दोन वर्षं झाली. पण हा दुसरा बरं का. पहिला आम्ही मोठ्या उत्साहात सुरू केला आणि तीन आठवड्यांत गुंडाळला, त्यामुळे खाली जे सांगतेय त्यातलं अर्धं तेव्हाच्या फजितीतून आलंय.

पायरी १. आधी गिऱ्हाईक मोजा, शेतकरी नंतर

सगळे उलटं करतात, आम्हीही केलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं "सोसायटीत ताजी भाजी आली तर घेणार का", ९४ अंगठे आले, आम्ही खूश. पुरंदर तालुक्यातले एक दादा २०० जुड्या मेथी घेऊन आले आणि खाली उतरली ३० घरं, त्यातली निम्मी नुसतं "काय भाव" विचारून वर गेली. ६० जुड्या खपल्या. पिकअपचं भाडं अंगावर, दोन माणसांच्या दिवसाची खोटी. तरी ते अजून दोन वेळा आले आणि मग एक दिवस फोन, "ताई, पुढच्या बुधवारी काय जमायचं नाही बघा." एका शब्दाने तक्रार केली नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या वेळी वही घेऊन दारोदार फिरलो. "पाहिजे का" नाही विचारलं, "आठवड्याला किती जुड्या लागतात, टोमॅटो किती किलो, सध्या कुठून आणता" असं विचारलं. ७० घरांनी आकडे दिले, घरटी साधारण ३०० रुपये. म्हणजे २१,००० रुपयांचा बाजार. सहा जणांना बोलावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन हजारच येतात, गाडीभाडं आणि मजुरी जाऊन हातात काय राहणार? म्हणून चारच बोलावले. आता शेजारच्या दोन बिल्डिंगवाले पण येतात म्हणून सहा गाळे आहेत, पण सुरुवात चारनेच करा.

पायरी २. वार ठरवा, रविवार सोडून

गुलटेकडी मार्केट यार्डात फळ-भाजीची सगळ्यात मोठी आवक रविवारी असते, शनिवारी तो विभाग बंद. शिवाय चांगले शेतकरी शनिवार-रविवारी आधीच कुठल्या ना कुठल्या बाजारात बसलेले असतात. आपल्या घरातही रविवारी आणलेली भाजी बुधवारपर्यंत संपत येते, फ्रीजमध्ये एक सुकलेली काकडी आणि अर्धा कोबी उरलेला असतो. म्हणून बुधवार. वेळ साडेपाच ते आठ.

पायरी ३. जागा आणि परवानगी

सोसायटीच्या आवारात भरवायचा असेल तर मीटिंगमध्ये विषय घ्या, ठराव लिहून घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका कारण कमिटी बदलते. बाहेर रस्त्यावर किंवा फुटपाथवर मांडायचा विचार असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून परवानगी काढावी लागते, त्या फंदात पहिल्या वर्षी पडूच नका.

मीटिंगमध्ये विरोध होतो. आमच्याकडे एक काका म्हणाले की "भाजीवाले जातील आणि मागे फ्लॉवरचा पाला कोण उचलणार, मी?" सगळे त्यांच्यावर चिडले, पण काका बरोबर होते. मग नियमच केला, पाला त्याच क्रेटमध्ये परत गाडीत. मुळ्याचा पाला तेवढा कोणी परत नेऊ देत नाही, त्याची भाजी करणाऱ्या तीन-चार आज्या आहेत.

पायरी ४. शेतकरी शोधा, आणि तो शेतकरीच आहे ना ते बघा

२०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यामुळे शेतकऱ्याला माल यार्डातच नेला पाहिजे असं बंधन नाही, तो थेट तुमच्या दारात विकू शकतो. राज्याच्या कृषी पणन मंडळाचं मुख्य ऑफिस पुण्यातच, गुलटेकडीला आहे, आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान त्यांनीच चालवलंय, तिथे चौकशी करा. शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून पण गट मिळतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे एखाद्या रविवारी सासवडकडे चक्कर मारा, रस्त्याच्या कडेला अंजीर नाहीतर सीताफळं घेऊन बसलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोला, एकातून दुसरा सापडतो.

आता ओळखायचं कसं. ज्याच्याकडे २५ प्रकार आहेत, सगळे एकसारख्या साइजचे, आणि बाजूला सफरचंद न् किवी मांडलेत, तो व्यापारी आहे हो, पुण्याच्या आसपास किवी कुठून येणार. सातबारा मागून फार उपयोग नाही, जमीन त्याची असेल पण त्यात ऊस असेल. त्यापेक्षा विचारा, "आत्ता रानात काय काय उभंय, आणि पुढच्या महिन्यात काय निघेल?" खरा शेतकरी सुरू झाला की थांबत नाही, कुठल्या वाफ्यात काय लावलं, पाणी किती दिवसांनी मिळतं, करपा कसा आला, सगळं सांगतो. व्यापारी म्हणतो, "काय पाहिजे ते बोला मॅडम, आणून देतो."

व्यापाऱ्याशी माझं भांडण नाही. कांदा-बटाटा-लसणाचा एक गाळा आम्ही उघडपणे व्यापाऱ्यालाच दिलाय, कारण पुण्यात येणारा बराचसा बटाटा आग्रा-इंदूरकडून येतो, तो शेतकरी बाजारात "आमच्या रानातला" म्हणून विकण्यापेक्षा हे बरं. फक्त पाटी लावायची.

बाकी तालुक्यांप्रमाणे वाटणी केली की माल एकमेकांवर चढत नाही. पुरंदरकडून अंजीर, सीताफळ आणि पावसाळी मटार, जुन्नर-नारायणगावकडून टोमॅटो, मावळातून इंद्रायणी, मुळशीचा आंबेमोहोर मिळाला तर सोडू नका. तांदूळ घेताना नवा का जुना ते विचारा, नव्या इंद्रायणीला पाणी कमी घालायचं नाहीतर भाताचा गोळा होतो आणि लोक ग्रुपवर तांदळाला नावं ठेवतात.

पायरी ५. भाव कसा ठरवायचा

इथे सगळे अडखळतात. सोमवारच्या पेपरात रविवारच्या मार्केट यार्डाचे भाव येतात, फळभाज्यांचे दहा किलोला आणि पालेभाज्यांचे शेकडा, म्हणजे १०० जुड्यांना. समजा टोमॅटो दहा किलोला २०० लिहिलंय, म्हणजे घाऊक २० रुपये किलो. तोच कोपऱ्यावरच्या दुकानात ४० ला असेल तर आपल्या बाजारात ३० धरा. शेतकऱ्याला यार्डापेक्षा दहा जास्त, आपल्याला दुकानापेक्षा दहा कमी. भाव पाटीवर खडूने लिहायचा, मग घासाघीस नाही.

एक माझी वैयक्तिक तक्रार. वर फुकट कोथिंबीर मागू नका. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी मेथीपेक्षा महाग होते आणि तेव्हासुद्धा पावशेर गवार घेऊन "दादा, थोडी कोथिंबीर-मिरची टाका ना" चालूच. दादा टाकतात, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही.

पायरी ६. काटा तपासा

इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो, तेवढा बघा. आणि घरून मिठाची एक किलोची बंद पुडी घेऊन जा. काट्यावर शून्य दिसतंय ना बघून पुडी ठेवायची, पिशवीच्या वजनामुळे एक किलोच्या वर चार-पाच ग्रॅम दिसलं पाहिजे. बाजार सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या काट्यांवर ठेवली की कोणा एकावर संशय घेतल्यासारखं होत नाही. आमची मिठाची पुडी वॉचमनच्या केबिनमध्येच असते आता.

पैशांचं सोपं आहे, सगळ्यांकडे क्यूआर कोड असतो, पण बेसमेंटमध्ये रेंज नसते, तेव्हा सुट्टे ठेवा.

पायरी ७. एक गाळा खायचा ठेवा

बचत गटाच्या ताई असतील तर उत्तम. पिठलं-भाकरी, ठेचा, थालीपिठाची भाजणी, उन्हाळ्यात कुरडया. कच्ची भाजी विकणाऱ्या शेतकऱ्याला लागत नाही, पण तयार खाणं विकायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती आहे ना विचारून घ्या. भाकरीचा गाळा असला की लोक थांबतात, दोन खुर्च्या टाकल्या तर आजी-आजोबा तासभर बसतात, आणि माणसं थांबली की भाजी पण खपते.

इथलाच एक किस्सा. आषाढात वेल्ह्याकडच्या एक मावशी टाकळा आणि कुर्डूचे वाटे लावून बसल्या होत्या. एक तास कोणी हात लावला नाही, सगळे "हे गवत कसलं" म्हणून पुढे. मग भाकरी खात बसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, माहेर रत्नागिरीचं, उठल्या, टाकळ्याचं एक पान चुरगळून वास घेतला आणि तिथेच उभ्या राहून सांगायला लागल्या की कोवळी पानंच घ्यायची, कांदा लसूण परतायचा, वरून ओलं खोबरं, पाणी अजिबात नाही. वीस मिनिटांत सगळे वाटे संपले. तेव्हापासून रानभाज्या आल्या की आजींची खुर्ची मावशींच्या शेजारी. रानभाजी घेताना कशी शिजवायची ते विचारूनच घ्या, शेवळं नुसती उकडून खाल्ली तर घसा खवखवतो, त्यात काकडं (शेवळांबरोबर घालतात ती रानफळं) नाहीतर चिंच पडायलाच लागते.

पायरी ८. शेवटचा अर्धा तास

माझ्या मते बाजार टिकतो की नाही ते इथे ठरतं. साडेसातला एक फेरी मारून ग्रुपवर मेसेज टाकायचा, "मेथी ३० जुड्या, वांगी ४ किलो उरलीत, खाली या." ऑफिसवरून नुकतेच आलेले लोक असतात ना, ते उतरतात. क्रेट रिकामे होऊन गाडी गेली तर शेतकरी पुढच्या बुधवारी न बोलावता येतो.

आणि बाजार रद्द करायचा असेल, पावसामुळे म्हणा किंवा सोसायटीत काही झालं म्हणून, तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा. पालेभाजी त्याच दिवशी सकाळी काढतात. उपटलेली मेथी परत वाफ्यात लावता येत नाही.

पायरी ९. सणांचं कॅलेंडर बघा

ऋषिपंचमीच्या भाजीला अळू, माठ, भेंडी, मका, सुरण, पडवळ, लाल भोपळा असं सगळं एकाच दिवशी लागतं, गौरीला तर सोळा भाज्या, पितृपक्षात गवार, भोपळा, कारली कडाडतात. भोगीच्या आधी पावटा, हरभरा, गाजर, वांगी यांचे एकत्र वाटे करून आणायला सांगा, चुटकीसरशी जातात. शेतकऱ्याला हे महिनाभर आधी कळवा म्हणजे त्याला जुळवाजुळव करता येते.

सणाच्या आठवड्यात बुधवारचा बाजार मंगळवारी घ्यायची वेळ येते, तसं केलंत तर वॉचमनला आठवणीने सांगून ठेवा. गेल्या वर्षी आम्ही विसरलो आणि नारायणगावहून आलेला टोमॅटोचा पिकअप गेटबाहेर पाऊण तास उभा, कारण रजिस्टरमध्ये बाजार बुधवारी लिहिला होता.