पीककर्ज डोक्यावर असताना घरातलं लग्न कसं काढावं

लग्नाच्या तिथी दाट असतात त्या जानेवारी ते मेमध्ये. गावच्या सोसायटीचं (पीककर्ज देणारी सहकारी संस्था) खरीप कर्ज भरायची तारीख बहुतेक ठिकाणी ३१ मार्च. शेतकऱ्याचं घर लग्नात अडकतं ते या दोन तारखा एकमेकींवर आल्यामुळे. कापसा-सोयाबीनचे पैसे बस्त्यात आणि मंडपात जातात, मार्च हुकतो आणि तिथून पुढे गाडा उतरणीला लागतो. म्हणून लग्नाची तिथी धरण्याआधी सोसायटीच्या सचिवाकडून किंवा बँकेतून आपल्या खात्याची नेमकी तारीख आणि व्याजासकट आकडा लिहून आणावा.

मार्च हुकला की काय होतं ते आधी समजून घ्या. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. तारीख उलटली की ही सवलत जाते. १,४०,००० च्या कर्जावर ७ टक्क्यांनी वर्षाचे ९,८०० रुपये बसतात आणि मुदतीनंतरच्या दिवसांना बँकेचा नेहमीचा चढा दर लागतो. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. खरा फटका जूनमध्ये बसतो. खातं थकीत असेल तर नवं कर्ज मिळत नाही, बी-खत कृषी केंद्रातून उधारीवर उचलावं लागतं, दुकानदार भावात व्याज लावूनच देतो आणि उरलेल्या पैशासाठी सावकाराचं दार. महिन्याला शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, शेकडा ५ म्हणजे ६०.

‘कर्जमाफी होईल, भरून कशाला’ हे पारावर सगळेच म्हणतात. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत मर्यादा २ लाखांची होती आणि ठरावीक तारखांमधलंच कर्ज बसलं. नियमित भरणाऱ्यांना पुढे ५०,००० पर्यंत प्रोत्साहन मिळालं ते वेगळं. पुढची माफी कोणत्या तारखांना धरून येईल यावर लग्नाचा हिशोब बांधू नये.

एका कागदावर सगळं देणं

घरातल्या कर्त्या माणसाला साधारण आकडे माहीत असतात, पण सगळे एका ठिकाणी कुणी मांडलेले नसतात. मांडा. प्रत्येक देण्यापुढे पाच गोष्टी लिहा: कोणाचं, किती मुद्दल, वर्षाचा दर, भरायची तारीख, आणि गहाण काय किंवा जामीनदार कोण. बचत गटाचे २ रुपये शेकडा, कृषी केंद्राची उधारी, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने हेही त्यात आले पाहिजेत. बिनव्याजी म्हणून हातउसने लिहायचे राहतात आणि नेमके लग्नाच्या आठवड्यात मागितले जातात.

आता नवं कर्ज किती झेपेल ते काढा. समजा पाच एकर कापूस-सोयाबीन, वर्षाची विक्री ३,४०,०००. लागवड १,४०,००० (हेच पीककर्ज, ते परत जायचंच), घरखर्च १,००,०००, पाइपलाइनसाठी पतसंस्थेचा हप्ता वर्षाला ४२,०००. उरले ५८,०००. यातला निम्मा भाग पाऊस लांबला, भाव पडला, दवाखाना निघाला यासाठी सोडा. राहिले २९,०००, म्हणजे महिन्याला सुमारे २,४००. १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता ३,४१८ बसतो, म्हणून या घराला लग्नासाठी ७०,००० च्या वर कर्ज झेपत नाही. आकडा बघून वाईट वाटतं, पण लग्न या आकड्यातून निघालं पाहिजे. लग्नाचा आकडा आधी ठरवून कर्ज शोधत निघालं की शेवटचे लाखभर नेहमी सर्वांत महागड्या माणसाकडून येतात.

पैसा कुठून, कोणत्या क्रमाने

आधी घरातलं सोनं. मुलीला घालायचं सोनं नवं विकत घेण्यापेक्षा आईचं गंठण किंवा पाटल्या मोडून करावं. सोनाराकडे मोड देताना आटणी (सोनं वितळवून पाहणं) आपल्यासमोर करून घ्या. जुन्या दागिन्यात टाके (जोडाला लावलेला हलका धातू) जास्त असतात, २२ कॅरेट म्हणून घेतलेलं १९-२० कॅरेट निघतं आणि घट तिथेच कळते. भाव तोळ्याला सव्वा लाख धरला तर एका तोळ्याला १० टक्क्यांनी १२,५०० मजुरी आणि नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४,१००. घट धरून २०,००० बाजूला ठेवा. नक्षीकाम जितकं बारीक तितकी मजुरी चढते, साधं पोत-वाट्यांचं मंगळसूत्र स्वस्तात होतं.

माल विकायचा आहे पण भाव नाही, पैसे दोन-चार महिन्यांनी येणार, अशा वेळी बँकेचं सोनेतारण कर्ज बरं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, ५ लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के रक्कम देता येते. मिळते म्हणून पूर्ण उचलू नका. मुद्दल-व्याज एकरकमी फेडायच्या कर्जाची मुदत १२ महिन्यांत संपते, व्याज चढत जातं आणि भाव खाली आला तर लिलावाची नोटीस लवकर येते. साठ टक्क्यांवर थांबलेलं बरं.

घरात कुणी नोकरीला असेल तर सेवक पतसंस्था आणि भविष्य निर्वाह निधी आधी बघा. पीएफमधून स्वतःच्या, मुलाच्या-मुलीच्या आणि भावंडांच्या लग्नासाठी पैसे काढता येतात. जुनी अट ७ वर्षांच्या सदस्यत्वाची होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती १२ महिन्यांवर आणायचा निर्णय झाला. अर्ज करताना पोर्टलवर कोणती अट दिसते तेवढं बघा. हा पैसा परत भरायचा नसतो, पण म्हातारपणाचा असतो.

पतसंस्था किंवा फायनान्स कंपनीत ‘१२ टक्के’ ऐकून सही करू नका. सरळ व्याज (शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर) की घटत्या शिलकीवर (फेडून उरलेल्या मुद्दलावर), एवढं विचारा. एक लाखाला १२ टक्के सरळ व्याजाने ३ वर्षांचे ३६,००० होतात, हप्ता ३,७७८ बसतो, आणि तो घटत्या शिलकीच्या सुमारे २१ टक्क्यांइतका महाग असतो. बँका आणि फायनान्स कंपन्यांना कर्जाचा सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर एका पानावर, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावा लागतो. ते पान मराठीत मागा आणि मगच सही करा. विमा, फाइल चार्ज, शेअर्सची कपात त्यातच दिसते: लाख मंजूर होऊन हातात ९४,००० येतात ते यामुळे.

सरकारी मदत आहे, पण ती हिशोबात धरू नका, कारण पैसे यायला वेळ लागतो. शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलींसाठी शुभमंगल सामूहिक/नोंदणीकृत विवाह योजनेचं अनुदान १०,००० वरून २५,००० करण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करावी. बांधकाम कामगार म्हणून मंडळात नोंद असलेल्याला स्वतःच्या पहिल्या लग्नासाठी ३०,००० मिळतात.

खरेदीखत करून देऊ नका

खासगी सावकार गहाणखत करत नाही. तो दुय्यम निबंधक कार्यालयात सरळ खरेदीखत करून घेतो आणि ‘पैसे दिले की उलटून देतो’ असं तोंडी सांगतो. कागदावर तुम्ही जमीन विकलेली असते. पुढे तलाठ्याकडे फेरफार पडतो, सातबाऱ्यावर त्याचं नाव चढतं आणि त्या जमिनीवरचं पुढच्या वर्षीचं पीककर्जही जातं. इसार पावती किंवा कोऱ्या स्टॅम्पवरची सही हीसुद्धा त्याच वाटेने जाते.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि बिनतारण १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, चक्रवाढ तर नाहीच. सावकारीत जमीन गेली असेल तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराविरुद्ध जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. आधीच असा कागद झाला असेल तर पैसे नेहमी बँकेतून द्या. रोख दिलेलं पुढे सिद्ध होत नाही.

बैठकीत काय सुटतं

खर्च खरा कमी होतो तो सोयऱ्यांच्या बैठकीत. भाजी कोणती आणि आइस्क्रीम ठेवायचं की नाही यावर घासाघीस करून फार काही सुटत नाही. मामा किंवा मध्यस्थ पुढे करून तीन गोष्टी तिथेच बोलून घ्या: साखरपुड्यातच लग्न उरकायचं का, जेवणाचा खर्च दोघांत निम्मा का, आणि माणसं किती. साखरपुड्यात लग्न लावणं आता मराठवाड्यात-नगरकडे कुणाला नवं नाही आणि त्यात एक अख्खा कार्यक्रम वाचतो. हुंड्याची बोली निघाली तर तिथेच उठा. १९६१ च्या कायद्याने देणाराही गुन्हेगार असतो, आणि तिथीच्या आदल्या दिवशी वाढलेली रक्कम कुठल्याच हिशोबात बसत नाही.

वरच्या घराचं गणित असं बसतं: बचत ६०,०००, मामा आणि भावकीचे ४०,०००, कर्ज ७०,०००, एकूण १,७०,०००. अडीचशे माणसांना ताटाला १६० प्रमाणे ४०,०००; मंडप-खुर्च्या-भांडी भाड्याने २०,०००; बस्ता ४०,०००; संसाराची भांडी २५,०००; फोटो १०,०००; सोन्याची मजुरी वगैरे २०,०००; अडीअडचणीला १५,०००. डीजे यात नाही. बसवायचा असेल तर बस्त्यातून काढावा लागेल, आणि मानपानाच्या साड्या-टॉवेल-टोप्या निम्म्या केल्या तर बस्त्यात जागा होतेही. हे कपडे पुढच्या घरी तसेच फिरत जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आचाऱ्याची किराणा यादी नेहमी फुगलेली असते, कारण कमी पडलं तर नाव त्याचं जातं. किराणा दुकानदाराशी न फोडलेली पोती आणि तेलाचे डबे परत घेण्याची बोली आधी करा. ताटाच्या दराने जेवण असेल तर ताटं मोजायला आपला एक माणूस शेवटच्या पंगतीपर्यंत उभा ठेवा. मंडपवाल्याला इसार पाव हिश्श्याच्या वर देऊ नका. पावतीवर तारीख आणि तिथी बदलली तर काय, हे लिहून घ्या.

माल विकल्यापासून पेरणीपर्यंत

विक्रीचे पैसे आले की सोसायटीची रक्कम त्याच दिवशी भरा किंवा वेगळ्या खात्यात टाका, लग्नाच्या खात्यात मिसळू नका. ऊस असेल तर नियमाने तोडणीनंतर १४ दिवसांत बिल यायला हवं, पण मंडपवाल्याला त्या भरवशावर तारीख देऊ नये. मार्चअखेर भरून एप्रिल-मेमध्ये ‘नवं-जुनं’ (जुनं फेडून पुन्हा नवं पीककर्ज उचलणं) केल्यावर हातात आलेली रक्कम मेच्या लग्नात जाते, ही सगळीकडे होणारी गोष्ट आहे. ते बी-खताचे पैसे आहेत; बियाणं आणि डीएपीच्या गोण्या लग्नाआधीच घरात आणून टाकल्या की ते वळवता येत नाहीत.

लग्नानंतर आठवड्याभरात आहेराची वही घेऊन बसा. रोख आहेर आला असेल तो बचत गटाच्या नाहीतर सर्वांत महाग देण्याच्या मुद्दलात भरा. वहीतली प्रत्येक ओळ हेही एक देणंच आहे, त्या त्या घरच्या लग्नात तेवढं परत जायचं असतं.

आणि एवढं करूनही मार्च हातातून सुटणार असं दिसलं तर फेब्रुवारीतच बँकेत जा. कर्जाचं पुनर्गठन दुष्काळ, अतिवृष्टी अशा जाहीर आपत्तीत होतं. लग्न हे कारण चालत नाही. तेव्हा शाखाधिकाऱ्याला विचारायचं ते इतकंच, की सोनेतारणावर दोन महिन्यांसाठी पैसे उचलून पीककर्ज मुदतीत भरता येईल का. वर्षाच्या ९-१० टक्क्यांनी दीड लाखाचं दोन महिन्यांचं व्याज अडीच हजारांच्या आत राहतं, आणि जूनमध्ये खातं चालू असतं.