कुस्तीत नवीन आलाय? आधी कंबर कमवा

नवीन पोरं तालमीत आली की पहिल्यांदा दंड-छातीच्या मागं लागतात, नाहीतर मोबाईलवर बघून सिक्स पॅकसाठी क्रंचेस मारत बसतात. मी कोल्हापुरात माती आणि नंतर मॅट दोन्ही खेळलोय, आता बारक्या पोरांची मेहनत घेतो, म्हणून स्पष्ट सांगतो, कुस्ती कंबरेत असते. कंबर म्हणजे नुसतं पुढचं पोट नाही, दोन्ही कुशी आणि कण्याच्या बाजूचे पाठीचे स्नायूपण त्यात आले. जोर पायातून येतो आणि हातातून लागतो, मधलं धड ढिलं असलं तर तो मधेच मरतो.

भारंदाज हा डाव बघा. समोरचा खाली पालथा आहे, तुम्ही मागून कंबरेला मिठी घातलीय. नवखा नुसता हातानं ओढतो, दंड भरून येतात आणि समोरचा जागचा हलत नाही. तयार पैलवान छाती त्याच्या पाठीला चिकटवतो, पकड आवळतो, स्वतःची कंबर त्याच्या खाली सारतो आणि ब्रिजवर (डोकं आणि पाय टेकून पाठीची कमान) जाऊन अख्खं धड फिरवतो. पाठ मॅटकडं वळली की 2 गुण, पकड न सोडता परत फिरवलं की अजून 2, फ्रीस्टाईलला 10 गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच संपली!

मेहनत म्हणाल तर जोर मारताना कंबर लोंबू द्यायची नाही, मग संख्या कमी झाली तरी चालेल. मुदगल (जड लाकडी दांडकं) फिरवणं, खोऱ्यानं हौद (तालमीतला मातीचा आखाडा) उकरणं, यात धड पिळलं जातं, फक्त दोन्ही बाजूंनी करा, बरीच पोरं एकाच बाजूनं उकरतात. दोरावर चढा. मॅटवाल्यांनी साईड प्लँक (कुशीवर कोपर टेकून अंग सरळ धरणं) आणि मेडिसिन बॉल (वजनदार चेंडू) घ्या. जुन्या मेहनतीला कमी लेखू नका, खाशाबा जाधव मातीतूनच वर आले आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले.

मॅटवर 3-3 मिनिटांचे दोन राऊंड, मधे फक्त 30 सेकंद. दुसऱ्या राऊंडला दम गेला की कंबर ताठ होते, पैलवान उभा राहतो आणि समोरचा पट काढतो, म्हणजे पाय धरून पाडतो. म्हणून शेवटी दमल्यावरपण वजन न घेता थोडं प्लँकचं काम कराच.

आणि पाठ मागं वाकवली की कंबरेत दुखतंय, दोन-तीन आठवडे थांबत नाहीये, तर नुसतं चोळून घेऊ नका. वाढत्या वयात मणक्याला बारीक फ्रॅक्चर असू शकतं, हाडाच्या डॉक्टरला दाखवा, आणि ते हो म्हणेपर्यंत ब्रिज, भारंदाज सगळं बंद.